मागे उभी राहणारी

नोला पेथेरिकला रिव्हर्स गिअरचा मनापासून कंटाळा होता, आणि आयुष्यातली मागची नऊ वर्षं तिने त्याच गिअरच्या पाठीमागे उभं राहून काढली होती. नवरा क्लेम गाडीत बसून तिला जोडलेलं चाकांवरचं घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, मागे ढकलायचा आणि ही मागे उभी राहून हातवारे करायची. डावीकडे, अजून थोडं, आता सरळ, ये, ये, ये, आणि मग हात वर. हात वर म्हणजे थांब.

कॅरॅव्हॅन घेऊन देशभर हिंडणारी म्हातारी मंडळी संध्याकाळी पाच वाजले की घडीच्या खुर्च्या बाहेर मांडतात, गार बिअर हातात घेतात आणि नवीन आलेलं जोडपं आपली कॅरॅव्हॅन जागेवर कशी लावतंय ते बघत बसतात. याहून स्वस्त करमणूक त्या मुलखात नाही. नवरा खिडकीतून डोकं काढून खेकसतो, बायको मागून किंचाळते, कॅरॅव्हॅन भलतीकडेच वळते आणि चाळीस वर्षांचा संसार घटकाभरात चव्हाट्यावर येतो. पेथेरिकांचा तमाशा मात्र कधी कोणाला बघायला मिळाला नाही. क्लेमचा नियमच होता, मागे उभं असलेल्याशी हुज्जत घालायची नाही. त्याला दिसतंय, आपल्याला दिसत नाही, मग तोंड कशाला चालवायचं?

एकदाच घोटाळा झाला होता. रेनमार्कला नदीकाठी नोला ‘ये, ये’ करत होती, तेवढ्यात डोक्यावरून पेलिकनचा थवा गेला आणि ही बया मान वर करून बघतच राहिली. कॅरॅव्हॅन नळाच्या खांबावर आदळली. नळ मोडला, पाण्याचा फवारा उडाला, सगळं कॅरॅव्हॅन-पार्क खुर्च्या सोडून धावलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नोलाला झालं. पण कोणी काही विचारायच्या आत क्लेम खाली उतरला आणि म्हणाला, “चूक माझी. ती केव्हाची हात वर करून उभी होती.” नंतर दोघंच असताना नोलाने विषय काढला, तर तो एवढंच म्हणाला, “किती होते गं पेलिकन?”

नोला मूळची मून्टा या खाणींच्या गावची. माहेरी-सासरी दोन्हीकडे खाणकामगारांचं रक्त, आणि पेस्टीच्या, म्हणजे खाणकामगारांच्या मांस-बटाट्याच्या करंजीच्या, सारणात सलगम घातलाच पाहिजे यावर दोन्ही घरांचं एकमत. जवळच्या इस्पितळाच्या धोबीखान्यात तिने उभं आयुष्य काढलं. रक्ताचा डाग, औषधाचा डाग, बिटाचा डाग, चादर उलगडायच्या आत तिला कळायचा. क्लेम कौन्सिलच्या ग्रेडरवर होता. जिल्ह्यातले कच्चे रस्ते सपाट करत फिरायचा. जन्मभर दुसऱ्यांसाठी रस्ते केले, आता जरा आपण त्यावरून जाऊ, असं तो निवृत्त झाल्यावर म्हणाला. घर विकलं. मागच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं आणि कपडे वाळत घालायची फिरती दोरी होती, तीही गेली. दोन वर्षं फिरू, मग एखादं छोटं घर घेऊ, असं ठरलं होतं. दोनाची नऊ कधी झाली ते कळलं नाही.

नोला थकली होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. दर दोन दिवसांनी घराचे पाय वर करा, पाइप सोडवा, कपाटांची दारं बांधा, पुढच्या गावी पाय खाली करा, पाइप जोडा, दारं सोडा. शेजारी म्हणजे चार दिवसांचे. दोरी दुसऱ्याची, चिमटे आपले. आपण मेलो तर आपला पत्ता काय लिहितील, असा एक विचार तिला भांडी घासताना यायचा.

पोर्ट ऑगस्टाला पोचले आणि दुष्काळात तेरावा महिना आला. गाडीचा गिअरबॉक्स मोडला. मेकॅनिकने कपाळाला हात लावून सांगितलं की दुरुस्तीत जेवढं जाईल तेवढ्यात दुसरी गाडी येईल. आणि गाडी अडकलीच आहे तर नवीन चष्मा करून घेऊ म्हणून क्लेम डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, तो चष्म्याऐवजी लायसन्स परत करायचा कागद घेऊन आला. डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेकडेचं दिसत होतं, समोरचं नाही. अजून वर्षभर बरं, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाली.

त्या संध्याकाळी क्लेम कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसला होता.

“नोला,” तो म्हणाला, “व्हेल राहिले बघायचे.”

दक्षिणेच्या किनाऱ्यावर, मैदान जिथे एकदम तुटून समुद्रात पडतं, तिथे हिवाळ्यात व्हेल माद्या पिल्लं घेऊन येतात. कड्यावर उभं राहिलं की खाली दिसतात. दरवर्षी क्लेम म्हणायचा, पुढच्या वर्षी जाऊ, व्हेल कुठे पळून जातात? व्हेल कुठे गेले नव्हते. ते आत्ता, या महिन्यात, तिथेच होते.

“चालवणार कोण?” नोलाने विचारलं.

“तू.”

“मी कधी कॅरॅव्हॅन ओढलीय?”

“मांजरही ओढेल. नीट गाडी हवी फक्त.”

 आता कुठेतरी थांबायला मिळेल, असं दिवसभर नोलाच्या मनात येत होतं आणि त्याची तिला लाजही वाटत होती. नवऱ्याचे डोळे जातायत, आणि हिला हायसं वाटतंय!

गाडी हवी म्हटल्यावर पाचच्या बैठकीत सल्ल्यांचा पूर आला. सगळ्यात मोठा आवाज नेव्हचा. नेव्ह क्वीन्सलँडचा, त्याची गाडी नवी कोरी, आणि तिच्यातलं प्रत्येक बटण त्याने सगळ्यांना दोनदा दाखवलेलं.

“चार-पाच लाख किलोमीटर पळालेलं भंगार बघूच नकोस, क्लेम. कमी पळालेली घे.”

“कमी पळालेली गाडी म्हणजे घरजावई,” क्लेम म्हणाला. “बसून बसून आतून सडलेला. लांब पल्ल्याची गाडी सकाळी तापते ती संध्याकाळी निवते. शाळा-बाजार करणारी दिवसातून दहादा तापते, दहादा निवते. आधी कोण मरेल?”

“पण चार लाख रे!”

“तू किती पळालायस? ग्लेनिसने तुला काढलं का भंगारात?”

“गिऱ्हाईक मिळत नाही,” नेव्हची बायको ग्लेनिस चीजचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली.

सगळे हसले. नोलाही हसली. पण तिच्या लक्षात आलं की जो तो क्लेमशीच बोलतोय. चालवणार ही, आणि क्लच जड आहे की हलका याची चर्चा त्याच्याशी.

पहिली गाडी गावातल्याच एका विक्रेत्याकडे बघितली. लख्ख धुतलेली, कमी पळालेली. मिशीवाला विक्रेता क्लेमच्या खांद्यावर हात टाकून इंजिनाची ताकद सांगायला लागला.

“चालवणार मी आहे,” नोला म्हणाली.

“अरे वा! मग मॅडम, कप ठेवायला सहा जागा आहेत हिच्यात.”

 नोलाने पुठ्ठा अंथरला, त्यावर आडवी झाली आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली. आता नवऱ्याचे डोळे तीच होती.

“काय दिसतंय?” क्लेम वाकून विचारत होता.

“गंज. मागच्या बाजूला जास्त. पापुद्रे सुटलेत.”

“बोट ओढणारी आहे,” क्लेम उठत म्हणाला. “दर रविवारी मागची चाकं खाऱ्या पाण्यात. कप ठेवायला मात्र छान आहे हं.”

दुसरी गाडी गुरांच्या एका मोठ्या फार्मवरची. तिथे नोलाने पायाखालचं कापड उचललं तर खाली लाल मातीचा थर, आणि चासीला, गाडीच्या सांगाड्याला, मागे एक भेग वेल्डिंग करून बुजवलेली. तिने तसं सांगितलं.

“आता बाजूची सीट बघ,” क्लेम म्हणाला. “ड्रायव्हरच्या शेजारची.”

“नव्यासारखी आहे. कुत्र्याचे केस आहेत.”

“म्हणजे माणूस आणि कुत्रा. खड्ड्यातून गुरांमागे पळवलेली. आपल्याला दोन्ही सीटा सारख्या झिजलेली गाडी पाहिजे, नोला. नवरा-बायको सरळ रस्त्याने गेलेली. भांडली असतील, पण सरळ रस्त्याने.”

दोन्ही वेळा नोलाने जे दिसलं तेच सांगितलं होतं. दोन्ही वेळा तिला आतून बरं वाटलं होतं. गाडी मिळालीच नाही तर आपण काय करणार, असं ती स्वतःला विचारत होती, आणि उत्तर तिला आवडत होतं.

रोज जेवण झालं की क्लेम तिला टेबलावर धडे द्यायचा. मिठाची बाटली म्हणजे गाडी, लोण्याचा डबा म्हणजे कॅरॅव्हॅन. “स्टिअरिंग खालून धर. खालचा हात डावीकडे नेलास की घराची शेपटी डावीकडे जाते. उजवीकडे नेलास की उजवीकडे. बाकी सगळं विसर.” तो बाटली ढकलायचा, डबा टेबलाच्या कडेला जायचा, आणि समोरची कड न दिसल्यामुळे कधी कधी खाली पडायचा. नोला लोणी पुसून घ्यायची.

तिसरी गाडी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या हेडविग नोस्के नावाच्या विधवेची होती. नेव्हने दोघांना तिच्या फाटकाशी सोडलं आणि तो पुढे हार्डवेअरच्या दुकानात गेला. क्लेमने आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, गाडी आधी सुरू करून ठेवू नका, आम्ही आल्यावर गार इंजिनच सुरू करू. हेडविगने ऐकलं होतं. क्लेमने बॉनेटवर हात ठेवला आणि मान हलवली.

तपकिरी गाडी. चार लाख ऐंशी हजार किलोमीटर. नोलाने दार उघडलं. दोन्ही सीटा सारख्या झिजलेल्या होत्या. डावीचं कापड बाहेरच्या कडेला पातळ झालेलं, जिथून बायको रोज उतरते तिथे. लांब दांड्यांचे आरसे लावलेले. कॅरॅव्हॅन जोडायच्या मागच्या हुकाला ग्रीस, वर टोपीसारखा कापून घातलेला टेनिसचा चेंडू. खाली कुठे गंज नाही.

“माझ्या गेऱ्हार्टने फार जपली,” हेडविग म्हणाली. ती उंच, सरळ बाई होती, एप्रनला पिठाचे हात. “अठरा वर्षं फिरलो आम्ही.”

“कॅरॅव्हॅन विकलीत का?”

हेडविगने हात केला. शेडच्या मागे गवतात एक कॅरॅव्हॅन उभी होती. गवत चाकांच्या वर आलेलं, खिडकीच्या पडद्याला ऊन लागून त्याचा रंग उडालेला.

“गेऱ्हार्ट गेला तेव्हा ती अशीच फाटकाकडे पाठ करून उभी होती. काढायची तर मागे घ्यावी लागते. मला नाही येत. मी नेहमी मागे उभी असायचे.” तिने हात एप्रनला पुसले. “शेजाऱ्याला सांगायचं तर लाज वाटते. दोन वर्षं झाली.” मग ती एकदम म्हणाली, “चहा टाकते. केक केलाय,” आणि आत गेली.

नोला त्या गवतातल्या कॅरॅव्हॅनकडे बघत राहिली. ते सपाट मैदान, पाठीमागून भोंगा वाजवत येणारे तीन-तीन डब्यांचे ट्रक, आणि स्टिअरिंगवर आपले दोन हात, शेजारी समोरचं न दिसणारा नवरा, हे सगळं एकाएकी तिच्या अंगावर आलं. तिला हे नको होतं. रडू येईल इतकं नको होतं.

“नोला, ऑइलचं झाकण उघड,” क्लेम म्हणाला. “आतून बघ. काळं असेल तर उत्तम. पांढरं, दुधाळ काही दिसलं तर इंजिनात पाणी शिरतंय, मग देव आला तरी उपयोग नाही.”

नोलाने झाकण उघडलं. आत काळं होतं. स्वच्छ, एकसारखं काळं.

“पांढरं आहे, क्लेम,” ती म्हणाली. “सायीसारखं.”

“नक्की?”

“मला दिसतंय ना.”

क्लेमने हात पुढे केला. तिने झाकण त्याच्या हातात दिलं. त्याने ते चाचपून जागेवर बसवलं, फिरवून घट्ट केलं, खिशातून रुमाल काढून बोटं पुसली आणि बॉनेट खाली घेतलं.

हेडविग ट्रे घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, “बाई, गाडी नंबर एक आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला चढायला उंच पडते एवढंच.” मग त्याने केकचे दोन तुकडे खाल्ले आणि गेऱ्हार्ट कुठल्या रस्त्यांनी फिरला ते विचारत राहिला. नोलाने आपला केक बशीतच ठेवला.

पाचच्या बैठकीत नेव्हने विचारलंच.

“काय झालं? चांगली म्हणत होतास.”

“चांगलीच होती. मलाच नको वाटली,” क्लेम म्हणाला. “कंटाळा आला रे आता.”

“तुला? कंटाळा?”

“मग काय फक्त तुम्ही क्वीन्सलँडवाल्यांनीच कंटाळायचं?” म्हणून त्याने बिअरचा घोट घेतला. व्हेलचा विषय त्याने त्या दिवशी काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नोलाने त्याच्याकडे चोरून बघितलं. तो पार्कपुढच्या आखाताच्या पाण्याकडे तोंड करून बसला होता, मान जरा वाकडी करून, कडेचं दिसतं तेवढं बघत.

तिसऱ्या दिवशी नोला कपडे घेऊन पार्कच्या धुलाईच्या खोलीत गेली. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आत खिसे उलटे करायचे, ही धोबीखान्याची सवय. क्लेमच्या पँटच्या खिशातून रुमाल निघाला. चार बोटांचे काळे ठसे आणि मधोमध एक गडद पट्टा, तर्जनी आत खोल घालून नीट फिरवून पुसल्यासारखा. नोलाने रुमाल ताणून उजेडात धरला. पाणी मिसळलेलं ऑइल कापडावर कडेने फुटतं, करडी झालर सुटते. इथे झालर नव्हती. सगळं काळंभोर, शुद्ध. असला डाग ओळखायला ती झोपेतही चुकली नसती. आणि ज्याने पन्नास वर्षं इंजिनांत हात घातले त्याच्या बोटांना तरी कसा चुकेल?

ती मशीन सुरू न करताच परत आली. क्लेम पायरीवर बटाटे सोलत होता. सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता.

“तुला ठाऊक होतं,” नोला म्हणाली आणि रुमाल त्याच्या हातात कोंबला.

त्याने तो चाचपला. “हं.”

“तिथेच का नाही बोललास?”

“काय बोलायचं?”

“खोटारडी म्हणायचंस! डोळे गेलेल्या नवऱ्याला फसवते म्हणायचंस!”

“हळू बोल, ग्लेनिसचा बिअरचा ग्लास खाली पडेल.” त्याने सुरी ठेवली. “नोला, नऊ वर्षं तू हात वर केलास की मी थांबलो. का हात वर केलास म्हणून विचारलं कधी?”

“पण हा खोटा होता.”

“हात खरा होता. फक्त कारण खोटं सांगितलंस.”

नोला त्याच्या शेजारी पायरीवर बसली. पायरी एकाच माणसाची होती, त्यामुळे दोघांनाही टोचत होती. मग तिने सगळं सांगितलं. थकले म्हणाली. दुसऱ्याच्या दोरीवर कपडे वाळत घालून घालून जीव विटला म्हणाली. लिंबाच्या झाडाची आठवण येते म्हणाली. त्या रस्त्याची भीती वाटते, आणि तुझे डोळे गेल्याचं ऐकून मला आधी काय वाटलं ते तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस, असंही म्हणाली.

“तसंही फार दिवस बघता येणार नाहीये,” क्लेम म्हणाला.

नोला रडता रडता हसली आणि तिने त्याच्या दंडावर जोरात चापट मारली. बटाटे घरंगळत वाळूत गेले.

“मून्टाला जाऊ,” तो नंतर म्हणाला. “रेलीनला सांग एखादं भाड्याचं घर बघायला. अंगणवालं. माझं काही नाही.”

रेलीन म्हणजे त्यांची मुलगी. नोलाने फोन हातात घेतला.  तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मिळाल्याचं सुख काही होत नव्हतं. तिने रेलीनला फोन लावला. घर बघ म्हणाली, पण महिन्यानंतरचं बघ म्हणाली. मग दुसरा फोन लावला.

“हेडविग, गाडी गेली का?”

“नाही अजून.”

“मी त्या दिवशी एक खोटं बोलले. येऊन सांगते. पेस्ट्या घेऊन येते.”

हेडविगने खोटं ऐकून घेतलं, पेस्टी खाल्ली आणि सलगम जरा जास्त झालाय असं म्हणाली. एवढ्यावर तिने माफ केलं. मग तिने एक अट घातली. गाडी नेण्याआधी नोलाने गवतातली कॅरॅव्हॅन बाहेर काढून द्यायची.

सगळी सकाळ त्यात गेली. क्लेम शेजारच्या सीटवर बसून ‘खालचा हात, खालचा हात’ एवढंच म्हणत होता. हेडविग मागे उभी राहिली. तिला तेवढंच येत होतं, पण ते पक्कं येत होतं. नोला तीनदा शेडच्या भिंतीवर जाता जाता राहिली, दोनदा रडकुंडीला आली, एकदा तिने क्लेमला अशी शिवी दिली की हेडविगने कानावर हात ठेवले. दुपारी कॅरॅव्हॅन फाटकाकडे तोंड करून उभी होती, आणि ती उभी होती त्या जागी पिवळ्या गवताचा एक लांब चौकोन उरला होता. हेडविग त्या चौकोनात जाऊन थोडा वेळ उभी राहिली.

“विकणार आता?” नोलाने विचारलं.

“बघते,” हेडविग म्हणाली. “बाई, एवढं वाईट नाही दिसत हं चालवायला.”

व्हेलकडे जाणारा रस्ता मात्र वाईटच होता. वाईट म्हणजे सरळ. गव्हाची कोठारं येत, जात, पुन्हा तशीच येत. मोठा ट्रक बाजूने गेला की कॅरॅव्हॅन शेपटी हलवायची आणि नोलाच्या पाठीतून कळ जायची. ती ताशी ऐंशीच्या वर गेली नाही. मागे गाड्यांची रांग लागली की क्लेम आरशात न दिसणाऱ्या लोकांना हात हलवून दाखवायचा. मुक्कामाला ती आरपार जागा मागायची, म्हणजे एका बाजूने शिरायचं आणि सकाळी दुसऱ्या बाजूने निघायचं, मागे घ्यायला नको. संध्याकाळीही तिच्या मनगटांना आपण स्टिअरिंग धरूनच आहोत असं वाटायचं. तिची थकण्याची हौस पुरेपूर फिटत होती.

कड्यावर पोचले त्या दिवशी वारा बोचरा होता. खाली निळ्या पाण्यात काळ्या माद्या ओंडक्यासारख्या पडल्या होत्या आणि पिल्लं त्यांच्या अंगावर लोळत होती.

“कुठे?” क्लेम म्हणाला.

“हे काय, समोर.”

“समोर माझ्याकडे काही नाही. मला बाजूला वळव.”

नोलाने त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला वळवलं, व्हेलकडे नव्हे, दूरच्या वाळूच्या टेकड्यांकडे. तो तसाच टेकड्यांकडे बघत उभा राहिला. 

“एक मोठी. आणि शेजारी... पिल्लू आहे ना ते?”

“हो.”

“पांढरं?”

नोलाने बघितलं. गर्दीत खरंच एक पांढुरकं पिल्लू होतं. “हो, क्लेम. पांढरं आहे. सायीसारखं.”

तो हसला. टेकड्यांकडे तोंड करून, डोळ्यांतून पाणी काढत, पोट धरून हसला. बाजूची माणसं वळून बघायला लागली. नोलाही हसली, आणि तिथून हलायची वेळ झाली तरी दोघं हलले नाहीत.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या जागी आरपार जागा शिल्लक नव्हती. शेवटची एकच होती, मागे घ्यायची. पाच वाजून गेले होते. खुर्च्या मांडलेल्या होत्या, बिअर उघडलेल्या होत्या, आणि बाई गाडी चालवतेय आणि म्हातारा मागे जातोय हे बघून दोघा-तिघांनी खुर्च्या नीट वळवून घेतल्या.

“मी राहतो उभा,” क्लेम म्हणाला होता, आणि नोला नको म्हणाली नव्हती.

तिने खिडकी खाली केली. आरशात तो दिसत होता. पाय फाकवून, मान वाकडी करून, तिच्याकडे न बघता भलत्याच बाजूला बघत, एक हात हलवत. ये. ये. खालचा हात डावीकडे. शेपटी डावीकडे. ये. तिला आरशात कोपऱ्यातला कचऱ्याचा हिरवा ड्रमही दिसत होता. क्लेमला तो दिसत नव्हता, कारण तो बघत होता त्याच बाजूला, बरोबर त्याच्या समोर ड्रम होता. तिने ब्रेकवर पाय नेला. क्लेमचा हात हलतच होता, ये, ये, पूर्ण विश्वासाने, त्या हातात जरासुद्धा शंका नव्हती.

नोलाने ब्रेक दाबला नाही. मागे उभं असलेल्याशी हुज्जत घालायची नाही.

ड्रम धडाडकन आडवा झाला आणि गडगडत खुर्च्यांपर्यंत गेला. कोणीतरी शिट्टी मारली. क्लेम हात अर्ध्यावर ठेवून तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

नोला दार उघडून खाली उतरली. तिची पाठ मोडून आली होती. कोणी काही विचारायच्या आत ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “चूक माझी. तो केव्हाचा हात वर करून उभा होता.”

क्लेमने हात वर केला.